वाचकांचे प्रश्न : संवाद हरवतो, खर्ज घुमतो, रिसिव्हर बदलावा का?

प्रश्न : स. न. वि. वि. नाशिकमधील आमच्या हॉलची लांबी १६ फूट आणि रुंदी १२ फूट आहे. २०११ साली घेतलेला ५.१ चॅनलचा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर), ८० वॅटचा एव्ही रिसिव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज स्पीकरना पुरवणारा ॲम्प्लिफायर, पुढे दोन बुकशेल्फ स्पीकर, टीव्ही युनिटच्या कप्प्यात सेंटर स्पीकर, मागे दोन लहान स्पीकर आणि कोपऱ्यात खर्जाचे स्वर काढणारा सबवूफर अशी आमची मांडणी आहे. टीव्ही एका आखूड भिंतीवर असून सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला आहे. गेल्या दिवाळीत ५५ इंची ४के टीव्ही घेतला. तेव्हापासून चित्रपट टीव्हीतल्याच ॲपवर पाहतो आणि आवाज ऑप्टिकल केबलने रिसिव्हरला दिला आहे. संवाद नीट कळत नाहीत, दर पाच मिनिटांनी सौभाग्यवती “काय म्हणाला तो?” असे विचारतात. पहाटे मी शास्त्रीय संगीत ऐकतो. त्यात चमत्कारिक गोष्ट अशी की, पुरुष गायकांच्या मैफलीत तंबोरा अतिशय घुमतो, पण बहुतेक गायिकांच्या मैफलीत तसे होत नाही. दुकानदार म्हणतात, रिसिव्हर जुना झाला. ११० वॅटचा ७.२ चॅनलचा नवा घ्या, सगळे प्रश्न सुटतील. घ्यावा का, आणि घेताना काय पाहावे?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि त्यांपैकी एकीचाही वॅटशी संबंध नाही. संवादांची तक्रार मुख्यतः जोडणीची आहे आणि तंबोऱ्याची खोलीची. रिसिव्हर बदलण्याची वेळ तुमच्यावर आली आहे हे मलाही मान्य आहे, परंतु ती दुकानदारांनी सांगितलेल्या कारणासाठी नव्हे. म्हणून आधी वॅटचा विषय निकालात काढू.

स्पीकरला दिलेली शक्ती दुप्पट केली, तर आवाजाची पातळी ३ डेसिबलने वाढते आणि दहापट केली, तर १० डेसिबलने. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी ही दहापट लागते. या हिशेबाने ८० वॅटवरून ११० वॅटवर गेल्याने मिळणारी वाढ जेमतेम १.४ डेसिबल भरते, म्हणजे रिमोटवरचे बटण दोन-तीनदा दाबल्यावर पडणाऱ्या फरकाएवढी. सर्वसाधारण बुकशेल्फ स्पीकर १ वॅटमध्ये तुमच्या सोफ्यापर्यंत ८० डेसिबलच्या आसपास आवाज पोचवतो आणि रोजच्या ऐकण्यात रिसिव्हर बहुतेक वेळ एक-दोन वॅटच खर्च करत असतो. शिवाय खोक्यावरचा आकडा कसा काढला आहे, यावर बरेच अवलंबून असते. एकच चॅनल चालू ठेवून, फक्त १ किलोहर्ट्झचा स्वर देऊन आणि १० टक्के विकृती मान्य करून काढलेले ‘१५० वॅट’ आणि दोन चॅनल चालू ठेवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात, ८ ओहमच्या भारावर, ०.१ टक्क्याहून कमी विकृतीत मोजलेले ‘८० वॅट’ यांत दुसरा आकडा अधिक प्रामाणिक असतो. माहितीपत्रकात ही बारीक अक्षरातली ओळ शोधावी. ती न सापडल्यास त्या आकड्याला फारशी किंमत देऊ नये.

आता संवाद. आज रात्री एखादा चित्रपट सुरू करा आणि रिसिव्हरच्या दर्शनी पट्टीवर कोणती अक्षरे उमटतात ते पाहा. तेथे ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ दिसत असेल, तर टीव्ही तुमच्या रिसिव्हरला दोनच चॅनलचा आवाज देत आहे आणि तुमचा सेंटर स्पीकर वर्षभर बहुधा मुकाच बसलेला आहे. अशा वेळी संवाद डाव्या-उजव्या स्पीकरच्या मधोमध असल्याचा केवळ भास होतो आणि तो भास फक्त मध्यभागी बसणाऱ्याला नीट मिळतो. सौभाग्यवती सोफ्याच्या कडेला बसत असाव्यात, असा माझा तर्क आहे. कडेच्या माणसाला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो, संवाद त्याच बाजूला ओढला जातो आणि पार्श्वसंगीतात मिसळून जातो. टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वरून ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘ऑटो’वर आणा. ऑप्टिकल केबलमधून ५.१ चॅनलचे डॉल्बी डिजिटल व्यवस्थित जाते. ओटीटी मंच वापरतात ते डॉल्बी डिजिटल प्लस मात्र तिच्यातून जात नाही, म्हणून टीव्हीला ते उतरवून द्यावे लागते आणि बहुतेक टीव्ही हे काम करतात. हा उपाय फुकट आहे. तो आधी करा आणि पैशांचा विचार नंतर करा.

एवढ्यानेही पूर्ण समाधान होणार नाही, कारण सेंटर स्पीकर कप्प्यात आहे. कप्प्याच्या आत तीन बाजूंनी लाकूड असले की पुरुषी आवाज पिंपात बोलल्यासारखा भरड होतो आणि ‘स’, ‘श’, ‘त’ ही व्यंजने, ज्यांच्यावर शब्द ओळखणे अवलंबून असते, ती दबतात. स्पीकरची पुढची कड कप्प्याच्या कडेच्या किंचित बाहेर येईल इतका तो पुढे ओढा आणि पुढच्या बाजूला खाली रबराचे दोन तुकडे सरकवून त्याचे तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे वळवा. माझ्याकडे गेली सहा वर्षे जुन्या स्लिपरचे कापलेले दोन तुकडे हे काम करत आहेत. घरच्यांचा त्याला सौंदर्यदृष्टीने विरोध आहे, ध्वनीच्या दृष्टीने नाही. त्यानंतर रिसिव्हरच्या मेनूत सेंटरची पातळी २ ते ३ डेसिबलने वाढवा. रात्री आवाज कमी ठेवून पाहत असाल, तर ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ या नावाची सोय सुरू करा. स्फोटांचे आवाज आवरले जातात आणि कुजबुज वर येते.

तंबोऱ्याची तुमची तक्रार वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण इतके अचूक निरीक्षण पत्रांतून क्वचित येते. कोणत्याही खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक स्वर अडकतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे आणि तुमची १६ फूट लांबी म्हणजे ४.८८ मीटर; वेगाला लांबीच्या दुपटीने भागले की पहिला अडकणारा स्वर ३५ हर्ट्झचा येतो आणि त्याच्या दुपटीचा दुसरा ७० हर्ट्झचा. आता तंबोऱ्याकडे या. पुष्कळ पुरुष गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गातात. त्या पट्टीचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झचा, म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर त्याच्या निम्मा, ६९ हर्ट्झच्या जवळ. तुमच्या हॉलची लांबी जणू काळी एकला मिळवून ठेवली आहे. खर्जाची तार छेडली की खोली तिच्याबरोबर गाऊ लागते आणि तार थांबली तरी खोली थांबत नाही. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तंबोऱ्याचा खर्ज ११६ हर्ट्झच्या पुढे असतो. तो या स्वरापासून लांब आहे आणि तेथे सबवूफरचे कामही जवळजवळ संपलेले असते, कारण सबवूफर आणि बाकीचे स्पीकर यांच्यातली हद्द सहसा ८० हर्ट्झवर ठेवलेली असते.

या दोषात तुमच्या मांडणीने दोन ठिकाणी भर घातली आहे. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर असे सर्व अडकलेले स्वर सर्वांत मोठे ऐकू येतात आणि कोपऱ्यातला सबवूफर ते सर्वच्या सर्व जागे करतो. सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे घेतला, तर ७० हर्ट्झचा घुमारा सुमारे ३ डेसिबलने उतरेल. सबवूफर कोपऱ्यातून काढून लांब भिंतीच्या कडेने, टीव्हीच्या भिंतीपासून ४ फुटांवर, म्हणजे लांबीच्या चौथ्या हिश्श्यावर ठेवून पाहा. त्या जागेवरून हा स्वर जवळजवळ जागाच होत नाही. दाराच्या किंवा दिवाणाच्या अडचणीने ती जागा जमत नसेल, तर जुनी युक्ती करावी : सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, तुमच्या बसण्याच्या जागी चढवावा, खर्जाचा तंबोरा सतत वाजत ठेवावा आणि स्वतः भिंतींच्या कडेने रांगत फिरावे. जेथे खर्ज स्वच्छ आणि सारखा ऐकू येईल, तेथे सबवूफर ठेवावा. शेजाऱ्यांची ये-जा नसलेली वेळ निवडावी, एवढेच.

इतके झाल्यावर नव्या रिसिव्हरचा प्रश्न उरतो आणि माझे उत्तर ‘घ्या’ असे आहे. पहिले कारण म्हणजे एचडीएमआय, ही चित्र आणि आवाज एकत्र नेणारी जोडणी. २०११ च्या रिसिव्हरमध्ये एचडीएमआय १.४ असते आणि ४के चित्रपटांसाठी लागणारी एचडीसीपी २.२ ही कुलूपव्यवस्था नसते, त्यामुळे उद्या ४के डिस्क प्लेअर किंवा स्ट्रीमिंगची डबी घेतली, तर तिचे ४के चित्र या रिसिव्हरमधून पुढे टीव्हीला जाणार नाही. नव्या रिसिव्हरमधील ई-आर्क ही सोय २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आली. तिच्यामुळे टीव्हीतल्या ॲपचा, डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बी ॲटमॉससह, सर्व आवाज एकाच केबलने रिसिव्हरपर्यंत उलटा येतो आणि ऑप्टिकलची गरज राहत नाही. तुमच्या टीव्हीच्या एका एचडीएमआय पोर्टवर ‘ई-आर्क’ असे लिहिलेले असेल. केबल त्याच पोर्टला लावावी लागते. दुसऱ्याच पोर्टला केबल लावून ‘आवाज येत नाही’ म्हणून रिसिव्हर परत पाठवणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरे आणि माझ्या मते अधिक मोलाचे कारण म्हणजे खोलीची ध्वनिदुरुस्ती. सोबत मिळणारा मायक्रोफोन ठेवून रिसिव्हर प्रत्येक स्पीकरमधून चिवचिवाटासारखे आवाज काढतो, खोली कोठे काय वाढवते ते मोजतो आणि त्याप्रमाणे स्वर उतरवतो. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहामध्ये वायपाओ आणि ऑन्कियोच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये डिरॅक लाइव्ह ही व्यवस्था असते. ऑडिसीच्याही पायऱ्या आहेत आणि खर्जाच्या दुरुस्तीसाठी ‘एक्सटी ३२’ ही वरची पायरी खालच्या पायऱ्यांपेक्षा खरोखर सरस आहे. दोन मॉडेल्समध्ये निवड करताना वॅट आणि चॅनलचे आकडे झाकून ठेवावेत आणि आधी ही ओळ वाचावी. तुमच्या अंदाजपत्रकात ती पायरी बसत नसेल, तर मागच्या वर्षीचे वरचे मॉडेल यंदाच्या खालच्या मॉडेलपेक्षा चांगले, असे मी म्हणेन.

मोजणी करताना घाई करू नये. पहिल्या खेपेस मी मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीच्या उशीला टेकवून ठेवला होता. उशीने वरचे स्वर शोषले, ते कमी आहेत असे समजून रिसिव्हरने ते वाढवले आणि आठवडाभर सतार पत्र्यावर वाजवल्यासारखी ऐकू येत होती. मायक्रोफोन कानाच्या उंचीवर, उशीपासून वीतभर पुढे, शक्यतो कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर असावा. ऑडिसी आठ जागांवरून मोजते. त्या सर्व जागा सोफ्याच्या मधल्या भागाच्या आसपास, हात-दीड हाताच्या आतच घ्याव्यात. पंखा बंद करावा, फ्रिज थांबलेला असावा आणि कुकर गॅसवर नसावा. शिट्टी झाली तर ती मोजणी पुन्हा घ्यावी लागते.

चॅनलच्या बाबतीत तुमच्या खोलीत ७ स्पीकर जमिनीवर मांडण्याला काही अर्थ नाही, कारण सोफा पुढे घेतल्यावरही त्यामागे दोन फूटच जागा राहील आणि त्या दोन स्पीकरना श्वास घ्यायलाही वाव मिळणार नाही. सात ॲम्प्लिफायरचा रिसिव्हर मात्र जरूर घ्यावा आणि उरलेले दोन छतासाठी वापरावेत; यालाच ५.१.२ म्हणतात, त्यातला शेवटचा आकडा डोक्यावरच्या स्पीकरचा. डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ पासून घरांत आले. पीओपीचे छत असेल, तर त्यात दोन स्पीकर बसवणे हे एका दिवसाचे काम आहे. छत साधे असेल आणि भिंती फोडायच्या नसतील, तर वर तोंड करून आवाज छतावरून परतवणारे स्पीकर मिळतात, पण ती तडजोड आहे, आणि मी त्या पैशांत चांगला सेंटर स्पीकर घेईन.

संगीताविषयी एक सूचना. विक्रेते ‘प्युअर डायरेक्ट’ हे बटण संगीतासाठी सर्वोत्तम म्हणून दाखवतात. ते दाबले की रिसिव्हर मधले सारे संस्कार बाजूला ठेवतो, हे खरे; परंतु त्यात खोलीची दुरुस्तीही बाजूला राहते. सबवूफर हलवून उरलेला घुमारा तुमच्या हॉलमध्ये त्या बटणाने परत येईल. साधा ‘स्टिरिओ’ मोड ठेवावा. ‘कॉन्सर्ट हॉल’सारखे मोड एकदा गंमत म्हणून ऐकून पाहावेत, मैफल देवळाच्या सभामंडपात गेल्यासारखी वाटते आणि दुसऱ्या दिवशी कोणी ते लावत नाही. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली जुनी नाट्यगीते एकाच चॅनलची, म्हणजे मोनो असतात. त्यांना सभोवतालचा आवाज बनवणाऱ्या मोडमध्ये टाकले, तर सगळे गाणे आक्रसून सेंटर स्पीकरमध्ये जाते. तीही ‘स्टिरिओ’मध्येच ऐकावीत.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीला असते. तेथे एव्ही रिसिव्हर येथल्यापेक्षा बराच स्वस्त मिळतो. ती येताना घेऊन आली, तर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : माझा सल्ला नाही असा आहे. अमेरिकेत विकला जाणारा रिसिव्हर १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो आणि आपल्याकडील वीज २३० व्होल्टची आहे. थेट जोडल्यास तो पहिल्याच क्षणी जळेल. मध्ये व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो रिसिव्हरच्या पूर्ण भारासाठी किमान ७५० ते १००० व्हीए क्षमतेचा घ्यावा लागतो, चांगल्यापैकी जड असतो आणि रात्रीच्या शांततेत बारीक गुणगुणतो. जपानमधून आणलेल्या यंत्राची तर १०० व्होल्टची वेगळीच अडचण. त्यात अधिकृत हमी येथे लागू होत नाही, आणि एचडीएमआय बोर्ड गेला तर दुरुस्तीची पूर्ण किंमत तुम्हालाच मोजावी लागते. त्यापेक्षा लॅमिंग्टन रोडवर दोन-तीन दुकाने फिरून मागच्या वर्षीच्या मॉडेलचा भाव काढा. नवे मॉडेल आल्यावर जुन्याचा भाव बराच मोडतो.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या एलपींचा मोठा संग्रह आहे, आणि मुलाला नव्या गेमिंग कन्सोलसाठी १२० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला १२० वेळा बदलणारे, ४के चित्र हवे आहे. दोघांचे समाधान करील असा एकच रिसिव्हर असतो का? की संगीतासाठी वेगळा स्टिरिओ ॲम्प्लिफायर घ्यावा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एकात दोन्ही होते. रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) निघणारा विद्युतदाब जेमतेम ५ मिलिव्होल्टचा असतो आणि तो वाढवून, तबकडी कोरताना बदललेला स्वरांचा तोल पूर्ववत करणारा भाग रिसिव्हरमध्ये असावा लागतो. मागच्या बाजूस ‘फोनो’ लिहिलेला जोड आणि शेजारी मातीचा, म्हणजे अर्थिंगचा छोटा स्क्रू असेल, तर तो भाग आहे असे समजावे. रेकॉर्ड प्लेअरची हिरवी किंवा काळी बारीक तार त्या स्क्रूला बांधायला विसरू नये. ती मोकळी राहिली की प्रत्येक एलपीबरोबर विजेची गुणगुण फुकट ऐकायला मिळते.

कन्सोलसाठी एचडीएमआय २.१ चे पोर्ट हवेत. २०२० मध्ये आलेल्या या प्रकारच्या पहिल्या पिढीतील काही रिसिव्हरमध्ये १२० हर्ट्झचे ४के चित्र एका कन्सोलच्या बाबतीत अडत असे, म्हणून त्या वर्षाचे वापरलेले मॉडेल कोणी स्वस्तात देत असेल, तर मुलाचा कन्सोल सोबत नेऊन जोडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरा मार्ग अधिक सोपा आहे : कन्सोल थेट टीव्हीला जोडावा आणि आवाज ई-आर्कने रिसिव्हरला आणावा. मग रिसिव्हरला १२० हर्ट्झचे चित्र हाताळावेच लागत नाही.

वेगळ्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरचा विचार आज करू नका, पण त्याचे दार उघडे ठेवा. रिसिव्हरला ‘प्री-आउट’, म्हणजे बाहेरच्या ॲम्प्लिफायरला आवाज देणारे जोड, असावेत. काही वर्षांनी चांगला ॲम्प्लिफायर घ्यावासा वाटला, तर ‘होम थिएटर बायपास’ ही सोय असलेला घ्यावा : एलपी थेट त्याच्यावर वाजतात, चित्रपटाच्या वेळी रिसिव्हर पुढच्या दोन स्पीकरचे काम त्याच्याकडे सोपवतो, आणि दोन जोड्या स्पीकर विकत घ्यावे लागत नाहीत. तोपर्यंत रिसिव्हर बंद कपाटात ठेवू नका; वर किमान चार-पाच बोटे हवा खेळू द्या आणि त्याच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवण्याची सवय असेल, तर तो आजच खाली उतरवा.